फायबरच्या होडीचा डेक आतून कुजला तर

डेकवर चालताना एखाद्या जागी पायाखाली किंचित दबल्यासारखं वाटतं. तिथेच टाच रोवून भार दिला की जवळच्या बोल्टच्या कडेनं चहाच्या रंगाचं पाणी वर येतं. वरचं फायबर धड असतं, रंगही शाबूत असतो, पण दोन थरांमधलं लाकूड गेलेलं असतं. ही दुरुस्ती नवख्या माणसाला जमण्यासारखी आहे. दोन बाय तीन फुटांची जागा असेल तर दोघांनी मिळून, वाळवण्याचे दिवस सोडून, चार-पाच दिवसांचं काम धरा. कौशल्यापेक्षा धीर जास्त लागतो. बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या ओल्या लाकडावर रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं चिकट द्रव्य) लावल्यामुळे.

डेकच्या पोटात काय असतं

अशा डेकमध्ये वर ३ ते ५ मिमी फायबर, खाली २-३ मिमी फायबर आणि मधे साधारण १२ मिमीचा गाभा असतो. गाभा बाल्सा लाकडाचा, प्लायचा किंवा पीव्हीसी फोमचा असतो. वजन फारसं न वाढवता जाडी वाढवणं हे त्याचं काम. पाटीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा आठपट होतो, सगळा हिशोब त्यावर बसवलेला असतो. पण दोन्ही थर गाभ्याला घट्ट चिकटलेले असतील तोवरच. पकड सुटली की दोन पातळ पत्रे एकमेकांवर सरकू लागतात आणि डेक लवतो.

पाणी आत जातं ते जवळजवळ नेहमी बोल्टच्या भोकांतून. क्लीट (दोर बांधायचे खुंटे), रेलिंगचे खांब, हॅचची चौकट, नांगर ओढायचा विंडलास यांचे बोल्ट थेट गाभ्यातून आरपार गेलेले असतात. भाराने ते हलतात, सीलंटला केसाएवढी फट पडते आणि तेवढी पुरते. खारं पाणी कुजवणाऱ्या बुरशीला फारसं मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. त्यामुळे समुद्रावर उडणाऱ्या तुषारांपेक्षा किनाऱ्यावर उघड्या पडलेल्या होडीवर चार महिने कोसळणारा पाऊस डेकला जास्त घातक. पावसाळ्यात होडी नीट शाकारून ठेवणं हा डेकचा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

बाल्सा आणि प्लाय वेगवेगळ्या तऱ्हेने भिजतात. बाल्साचे ठोकळे रेषा उभ्या ठेवून बसवलेले असतात, म्हणून पाणी वरून खाली लगेच जातं, आडवं मात्र सावकाश पसरतं. प्लायमध्ये ते थराथरातून आडवं धावतं. एका बोल्टपाशी शिरलेलं पाणी हातभर दूर निघालेलं दिसू शकतं.

आधी हद्द शोधा

डेक वरून पूर्ण कोरडा असताना लहान हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन दर दोन-तीन सेंमीवर हलकेच ठोकत चला. मडकं विकत घेताना वाजवून पाहतात, तसंच. धड भाग खणखणीत वाजतो, थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. खाली आडभिंत किंवा फासळी असली तरीही आवाज बदलतो, म्हणून त्यांच्या जागा आधी मोजून डेकवर खडूने आखून घ्या. नाहीतर धड भागही खराब वाटेल.

आवाजावरून थर सुटलाय एवढंच कळतं, लाकडाची अवस्था कळत नाही. त्यासाठी खालच्या बाजूने, म्हणजे केबिनच्या छतातून, ५ मिमीच्या बिटने भोक पाडायचं. खालचा थर ३ आणि गाभा १२ मिमी असेल तर बिटवर १३ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे वरचा थर फुटणार नाही. बाहेर आलेला कीस हातावर घेऊन पाहा. फिकट, कोरडा, फुंकर मारली की उडणारा कीस म्हणजे लाकूड चांगलं. रंग ठीक पण बोटांना ओल लागते, म्हणजे पाणी पोचलंय, कूज अजून नाही. तपकिरी-काळा, चिखलासारखा लागणारा, आंबूस वासाचा कीस म्हणजे लाकूड संपलं. तिथून चहूबाजूंनी दर १० सेंमीवर भोकं घेत कोरडा कीस मिळेपर्यंत बाहेर जा. कोरड्या भोकांना जोडणारी रेघ ही तुमची हद्द, तिच्याबाहेर आणखी ५ सेंमी धरा. ओलावा मापक यंत्र असेल तर जरूर वापरा, पण डेकच्या दोन भागांची तुलना करण्यापुरतंच. खाली धातूची टाकी किंवा पट्टी असली की ते चुकीचं सांगतं.

ओलं पण न कुजलेलं लाकूड ठेवावं का? आमच्या मते नाही. दोन फायबरच्या थरांत अडकलेला ओलावा चार भोकं पाडून आणि पंखा लावून निघत नाही.

सिरिंजने इपॉक्सी (घट्ट चिकटणारं दोन घटकांचं रेझिन) आत सोडायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. गाभा कोरडा आहे आणि फक्त थर सुटलाय, अशा तळहाताएवढ्या जागेला तो उपाय चालतो. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. जिथे पोकळी सापडेल तिथे गोळा होऊन बसते, आवाज सुधारतो आणि कूज शेजारी चालू राहते. पुढे तोच भाग कापताना घट्ट इपॉक्सीच्या गाठी फोडत बसावं लागतं.

वरून कापायचं की खालून

नवख्याने वरूनच कापावं. रेझिन गुरुत्वाकर्षणाने जिथे हवं तिथे बसतं, वजन ठेवता येतं. खालून केलं तर डेकचा चेहरा वाचतो, पण डोक्यावर हात धरून काम, रेझिन तोंडावर, आणि गाभा वर दाबून धरायला टेकूंची रांग. डेकवर सागाच्या पट्ट्या बसवलेल्या असतील तरच खालून करण्याचा विचार करा.

सामान

६० बाय ९० सेंमीच्या जागेसाठी हिशोब देतो. १२ मिमी गाभा अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर मिळून, ४ किलो: साधारण अर्धा किलो लाकूड आणि फायबर भिजवायला, दीड किलो गाभ्याच्या दोन्ही बाजूंच्या घट्ट थरांना, अर्धा किलो सांध्याच्या कापडाला, तेवढंच लांबीला, म्हणजे खाचा भरायच्या पुट्टीला, बाकी भोकं आणि नासधूस. चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचं, दोन दिशांच्या तंतूंचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल काचकापड १ चौरस मीटर. इपॉक्सी घट्ट करायला कोलॉइडल सिलिकाची पूड, लांबीसाठी मायक्रोबलूनची हलकी पूड. अ‍ॅसिटोन १ लिटर, ४० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, जाड पॉलिथीन, नायट्राइलचे हातमोजे पेटीभर.

गाभ्यासाठी आपल्याकडे सहज मिळतो तो आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. शिक्का पाहाच, पण तुकड्याची कडही पाहा. थरांमध्ये फटी दिसल्या तर तो तुकडा घेऊ नका, कारण त्या फटी म्हणजे पाण्याचे तयार पाट. मरीन प्लाय कुजत नाही हा गैरसमज आहे. त्याचा गोंद पाण्यात टिकतो. लाकूड भिजत राहिलं तर कुजतंच. हलका डेक हवा असेल तर बाल्सा किंवा पीव्हीसी फोम मागवा. शेजारचा जुना गाभा ज्या जातीचा आणि जाडीचा असेल तोच वापरणं सगळ्यात सरळ.

रेझिन इपॉक्सीच घ्या. होडी पॉलिस्टरची असली तरी जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते. दोन पथ्यं पाळा. नेहमीचं चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) इपॉक्सीबरोबर वापरू नका, कारण त्याचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. आणि इपॉक्सीवर शेवटी जेलकोट (फायबरवरचा रंगीत पॉलिस्टरचा थर) न लावता दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावा, जेलकोट तिच्यावर भरवशाने धरत नाही.

पॉलिस्टरनेच काम करणार असाल तर एक गोष्ट जिवाशी बांधलेली आहे. कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि एमईकेपी हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, एकाच मापातून ओतूही नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असेल तेच, ग्रॅमभरही इकडेतिकडे नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि थर कायम मऊ राहतो. वजनाने १०० ला १० प्रमाण असेल, तर २ ग्रॅमची चूक म्हणजे हार्डनरमध्ये २० टक्क्यांची चूक. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. उष्ण हवेत संथ हार्डनर निवडा, आणि कालवलेलं मिश्रण उभ्या पेल्यात ठेवू नका. पेल्यात उष्णता साठून ते धुमसतं, पसरट ट्रेमध्ये बराच वेळ टिकतं.

केव्हा करायचं

पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर असतात, हातात वेळ असतो. पण गाभा बदलायला हाच सगळ्यात वाईट काळ. हवाच ओलसर, लाकूड वाळत नाही, सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा धरतो. पावसाळ्यात ठोकून तपासणी करा, खुणा करा, झाकून ठेवा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत डेक उघडा.

कापणं आणि उपसणं

होडी किनाऱ्यावर सरळ, चारी बाजूंनी नीट टेकलेली हवी. पिळलेल्या अवस्थेत डेक चिकटवला तर तो पीळ कायमचा राहतो. आतून कापायच्या जागेखाली फळी आणि टेकू लावा. डोलकाठीच्या पायथ्याचा किंवा तिच्या तारा जिथे बांधल्या आहेत तिथला गाभा गेला असेल, तर आधी डोलकाठी उतरवा. ते काम पहिलंवहिलं म्हणून घेऊ नका.

जवळची एखादी फिटिंग काढून भोकात वरच्या थराची जाडी मोजा आणि सर्क्युलर सॉचं पातं त्याहून १ मिमी जास्त खोल ठेवा. कापाची रेघ केबिनच्या भिंतीपासून आणि डेकच्या कडेपासून किमान ५ सेंमी दूर हवी, पुढे सांध्याचा उतार काढायला तेवढी जागा लागते. खरखरीत पट्ट्यांच्या मधला गुळगुळीत भाग मिळाला तर तिथूनच कापा, रंगकाम निम्मं होतं. कोपरे वाटी ठेवून गोल आखा. टोकदार कोपऱ्यातून तडा निघतो. कोपऱ्यांत मल्टीटूल (थरथरत्या लहान पात्याचं यंत्र) चालवा.

वरचा थर रुंद पट्टी आणि लाकडी पाचरी सरकवत सावकाश उचला. कुजलेल्या भागावरून तो आपोआप सुटतो, धड भागावर हॅकसॉचं पातं आडवं घालून गाभा कापावा लागतो. थर वाकवून ओढू नका. नाळेकडची बाजू बाणाने दाखवा आणि सपाट जागी ठेवा, तो परत वापरायचा आहे.

आता पटाशीने गाभा काढा, पटाशीची उतरती बाजू खाली ठेवून, म्हणजे खालच्या फायबरमध्ये ती रुतणार नाही. कडेच्या थराखाली शिरलेली कूज वाकवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने ओढून काढा. ८-१० सेंमीच्या आत कोरडं, फिकट लाकूड लागलं नाही, तर हद्द चुकली आहे असं समजून काप वाढवा. इथे कंटाळा केला की पुढच्या वर्षी हेच काम शेजारी करावं लागतं.

मग गोड्या पाण्याने पुसून घ्या, कारण राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. सावलीचा मांडव घालून दिवसा पंखा, रात्री आत एखादा गरम दिवा, असे चार ते सात दिवस. कडेच्या लाकडावर पॉलिथीनचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून वाळलेलं नाही.

नवा गाभा बसवणं

खालचं फायबर ४० नंबरच्या पेपरने घासून निस्तेज करा. चकाकी उरेल तिथे पकड बसणार नाही. काचेची धूळ घशात आणि कातडीत बसते, म्हणून गाळणीचा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. धूळ काढून अ‍ॅसिटोनने पुसा: एका फडक्याने लावा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपा. तपासणीची भोकं खालून चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर रेझिन केबिनच्या गादीवर सापडेल.

प्लाय एकसंध बसवू नका. १५ ते २० सेंमीचे तुकडे करून ३ मिमी फट ठेवा. तुकडे डेकच्या बाकाला जुळतात, आणि फटीत भरलेली इपॉक्सी बांधासारखी राहते. उद्या एका तुकड्यात पाणी शिरलं तरी दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक तुकड्याला ७-८ सेंमीवर ३ मिमीची भोकं पाडा, अडकलेली हवा तिथून निघेल. सगळं कोरडंच मांडून वर जुना थर ठेवा आणि सरळ पट्टी आडवी धरून पाहा. घट्ट इपॉक्सीचे दोन थर मिळून दीड-दोन मिमी जागा खातात, म्हणून आत्ता वरचा थर तेवढा खाली बसायला हवा. नसेल तर गाभा पातळ घ्या.

वेळ दुपारी चारनंतरची निवडा. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि ताज्या इपॉक्सीतून बुडबुडे निघत राहतात. संध्याकाळी लाकूड निवत जाताना तीच इपॉक्सी आत ओढली जाते. काम झालं की दव पडण्याआधी मांडव बंद करा.

आधी पातळ, म्हणजे हार्डनरशिवाय दुसरं काहीही न मिसळलेली इपॉक्सी खालच्या फायबरला आणि प्रत्येक तुकड्याच्या सहाही बाजूंना ब्रशने लावा. कापलेल्या कडा सर्वात जास्त पितात. कोरड्या दिसल्या की पुन्हा लावा, पिणं थांबेपर्यंत. मग सिलिका घालून मिश्रण श्रीखंडाइतकं घट्ट करा: थापीवर घेऊन उभी धरली तर ओघळू नये. ४-५ मिमी दात्यांच्या थापीने ते खाली पसरा, तुकडे ठेवून थोडं इकडेतिकडे सरकवत दाबा. प्रत्येक भोकातून इपॉक्सीची छोटी अळी वर यायला हवी. जिथे आली नाही तिथे खाली हवा आहे, तुकडा उचलून आणखी मिश्रण घाला. फटी आणि कडेच्या थराखालची पोकळी ठासून भरा. वर पॉलिथीन, त्यावर वाळूच्या पिशव्या. वजन सगळीकडे सारखं हवं. एकाच जागी गोणी ठेवली तर सगळं मिश्रण बाहेर पिळून येतं.

क्लीट किंवा विंडलासच्या खाली प्लाय न घालता फायबरची जाड भरीव पाटी बसवा. बोल्ट आवळल्यावर ती चेपत नाही.

वरचा थर आणि सांधा

दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच घासा. न धुता घासलं तर तो मेणचट पापुद्रा पेपरने आतच रगडला जातो. जुन्या थराची आतली बाजू घासून चकाकी काढा, त्याला दर १०-१२ सेंमीवर ३ मिमीची भोकं पाडा आणि त्याच पद्धतीने पातळ व घट्ट इपॉक्सीवर बसवा. पुन्हा पॉलिथीन, पुन्हा वजन.

सुकल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना उतार काढायचा, जाडीच्या बारापट. थर ३ मिमी असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिमी. हे जास्त वाटतं, पण नुसती फट लांबीने भरलेला डेक पहिल्याच हंगामात त्याच रेघेवर फुटतो. भार कापडाच्या तंतूंनी वाहायचा असतो, लांबीने नाही. कापडाच्या पट्ट्या ७५, ६०, ४० आणि २० मिमी रुंदीच्या कापा. रुंद पट्टी आधी, म्हणजे शेवटी घासताना तिला धक्का लागत नाही. बायअ‍ॅक्सियल कापडाचे सगळे तंतू सांध्याला ४५ अंशांत ओलांडतात; साध्या विणीत निम्मे तंतू सांध्याला समांतर पडून वाया जातात. दातेरी रोलरने हवा काढा. पांढुरके ठिपके दिसले की तिथे कापड कोरडं आहे.

लांबी भरणं, लांब फळीवर ८० नंबर पेपर लावून समतल करणं, इपॉक्सी प्रायमर आणि रंग ही पुढची कामं कुठल्याही रंगाऱ्याला ठाऊक असतात. खरखरीत पृष्ठभागासाठी रंगात मिसळायचे कण मिळतात, चालायच्या जागी ते विसरू नका.

भोकं

डेक ज्यामुळे कुजला ते अजून तसंच आहे. ८ मिमीच्या बोल्टसाठी १४ ते १६ मिमीचं भोक वरचा थर आणि गाभा यांतून पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून भोकाच्या आतला गाभा सर्व बाजूंनी ५ मिमी खरवडा. भोकाच्या भिंतींना आधी पातळ इपॉक्सी, मग घट्ट मिश्रण काठोकाठ. पूर्ण सुकल्यावर मधोमध ८ मिमीचं भोक. आता बोल्ट इपॉक्सीतून जातो, लाकडाला स्पर्शही करत नाही. सीलंट हरलं तरी पाणी गाभ्यात न जाता केबिनमध्ये ठिबकतं आणि तुम्हाला लगेच कळतं. डेक न उघडताही हे काम प्रत्येक फिटिंगला करता येतं. धड डेक असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

भोकाचं तोंड वरून किंचित शंकूसारखं रुंदावा, म्हणजे सीलंटला बसायला गळ्याभोवती जागा मिळते. ब्यूटिल पट्टी किंवा पॉलिसल्फाइड सीलंट लावून फिटिंग ठेवा, खाली मोठी आधारपाटी द्या. आवळताना वर एकाने बोल्टचं डोकं स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सीलंट पिळवटून सुटतं. ब्यूटिल असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडं आवळा, ते हळूहळू पसरतं.

शेवटी केबिनमध्ये प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू पेपर चिकटवा आणि वरून गोड्या पाण्याचा पाइप वीस मिनिटं सोडा. ज्या नटाचा टिश्यू ओला होईल तो बोल्ट काढून, पुसून, नव्या सीलंटने पुन्हा बसवा.